श्रीसंत सावता महाराज : अरणच्या मळ्यातले वारकरी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. ज्ञानोबारायांवर, तुकोबारायांवर आणि आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवरायांवर लिहायला मोठमोठी महाराज मंडळी आहेत. आमच्याकडे सावता महाराजांचं चरित्र आलं. आलं म्हणजे खरं तर आम्ही ते मागून घेतलं. त्यावर बैठकीत दोन जाणत्या माणसांनी शंका काढली. ग्रंथ दिंडीचा, म्हणजे चालणाऱ्यांचा, आणि सावतोबा तर पंढरीला कधी चालत गेलेच नाहीत असं परंपरा सांगते. मग शंभर वर्षं चाललेल्या दिंडीच्या ग्रंथात न चाललेल्या संताचं काय काम? शंका काही खोटी नाही. आम्ही तिथं वाद घातला नाही, चरित्र लिहून देतो म्हणालो. आता वाचणाऱ्यानं वाचावं आणि पटतं का ते बघावं.

आम्ही गोरेगावचे कास्तकार, शाळा चौथीपर्यंत. तेव्हा पंडिती भाषा आमच्याकडून व्हायची नाही. कीर्तनात उभं राहून जसं बोलतो तसंच लिहितो.

सावता महाराजांचा जन्म शके ११७२ चा. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल निघतं, म्हणजे १२५०. गाव अरण. हे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ आहे. शेजारी भेंड नावाचं गाव आहे म्हणून जुनी माणसं दोन्ही नावं जोडून अरणभेंडी म्हणतात. घराणं माळ्याचं. त्यांचे आजोबा दैवू माळी हे मूळचे मिरजेकडच्या औसे गावचे, पोटापाण्यासाठी अरणला येऊन राहिले असं सांगतात. दैवू माळ्यांना दोन मुलं, पुरसोबा आणि डोंगरोबा. पुरसोबांचं लग्न त्याच पंचक्रोशीतल्या सदू माळ्याच्या मुलीशी झालं आणि त्यांच्या पोटी सावतोबा जन्मले.

आता ध्यानात घ्या, आजोबा वारकरी होते आणि बाप पुरसोबाही वारकरी होते. शेती सांभाळायची, भजन करायचं आणि वारी चुकवायची नाही, असं ते घर. म्हणजे सावतोबांना वारी ठाऊक नव्हती, किंवा पंढरी दूर होती, असं काही म्हणता येत नाही. अरणहून पंढरपूर एका दिवसाच्या पायवाटेवर. आपल्याला गोरेगावहून निघून मुक्कामामागून मुक्काम करत दिवसचे दिवस चालावं लागतं, पाय सुजतात, पावसात राहुट्या भिजतात. त्यांनी पहाटे निघायचं म्हटलं तर रात्री चंद्रभागेच्या वाळवंटात पोचले असते. आणि तरी गेले नाहीत. हे न जाणं अडचणीचं नव्हतं, समजून घेतलेलं होतं. चरित्राचं खरं कोडं इथंच आहे.

त्यांचं लग्न भेंडच्या भानवसे घराण्यातल्या जनाईंशी झालं. विठ्ठल आणि नागाताई अशी दोन लेकरं झाली. संसार काही सोडला नाही. अंगाला राख फासली नाही, हिमालयात गेले नाहीत. मळा, विहीर, बैल, बायको, लेकरं, सगळं जागच्या जागी.

त्या काळी देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. सावतोबांच्या उत्तर वयात रामदेवराव राजा गादीवर होता. पैठण-आळंदीकडं ज्ञानोबा माउली आणि त्यांची भावंडं, पंढरीत नामदेवराय, तेरला गोरोबाकाका, मंगळवेढ्याला चोखोबा. जो तो आपल्या कामात. कुणी मडकी घडवी, कुणी कपडे शिवी, कुणी मेलेली ढोरं ओढी. सावतोबा भाजीपाला पिकवीत.

माळ्याचं काम म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून थोडं खोलात जातो. आता बटन दाबलं की मोटार सुरू होते, लाईट असली तर. त्या वेळी पहाटे तांबडं फुटायच्या आधी मोट जुंपायची. चामड्याची मोट, तिला वरून नाडा आणि खालच्या सोंडेला सोंदूर. बैल धावेवरून खाली उतरले की मोट भरून वर येते, थारोळ्यात पाणी ओतलं जातं, तिथून पाटात आणि पाटातून वाफ्यात. पुन्हा बैल उलट्या पावली मागं आणायचे. हे दिवसभर. मोट हाकणारा एक आणि पाण्याला दारं धरणारा दुसरा. आम्ही लहान असताना आमच्या शिवारात शेवटच्या दोन-चार मोटा पाहिल्यात. मोटेवरचा माणूस गाणं म्हटल्याशिवाय राहायचा नाही, कारण गाण्याच्या तालावर बैलांची पावलं पडायची. सावतोबांच्या तोंडी गाण्याच्या जागी विठ्ठलाचं नाव बसलं. एवढाच काय तो फरक, पण केवढा!

त्यांची जी वाणी प्रसिद्ध आहे तिच्यात मळ्यातल्या भाज्यांनाच त्यांनी आपली विठाई म्हटलं आहे. कांदा, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर, सगळ्यांत हरी पाहिला. मोट, नाडा, विहीर, दोरी यांतही सगळी पंढरी आहे असं ते सांगतात. ती वाणी इथं छापायची गरज नाही. तुमच्यातल्या लहान पोरालाही ती पाठ आहे आणि काकड्याला रोज आपण म्हणतोच. आम्हाला त्यातल्या भाज्यांविषयी बोलायचं आहे, कारण त्या भाज्यांवर लोक फारसे बोलत नाहीत. सुरुवातीच्या शब्दावर टाळ्या घेतात आणि पुढं जातात.

बघा, त्यांनी नावं घेतली ती कसली? गुलाब, मोगरा, शेवंती यांची नाही. माळी फुलंही लावतो, देवाला हार फुलांचाच जातो. पण सावतोबांनी कांदा, मुळा, लसूण धरला. हे तिन्ही मातीखाली वाढणारे. वर नुसती पात हालते. फळ दिसत नाही, फूल दिसत नाही. पिकलं का नाही ते उपटल्याशिवाय कळत नाही. आणि तिन्हींना वास. सोवळ्यातल्या माणसानं नाक मुरडावं अशा वस्तू. त्या काळी कर्मठ घरात कांदा-लसणाला मज्जाव होता, मुळाही कित्येक व्रतांत वर्ज्य. जे देवघरात चालत नाही तेच उचलून सावतोबांनी देव म्हणून पुढं केलं. हा धीटपणा आहे. ते स्वतःच्या जातीबद्दलही असंच बोलले आहेत. आपण हलक्या जातीत जन्मलो हे बरं झालं, उंच कुळात जन्मलो असतो तर कर्मकांडात गुंतून पडलो असतो, असा त्याचा भाव. त्यात रड नाही. हसून सांगितलंय.

कीर्तन झाल्यावर मालकरी मंडळी आम्हाला एक प्रश्न हटकून विचारतात. महाराज, गळ्यात तुळशीची माळ आहे, मग कांदा-लसूण खावा का न खावा? कुणी चातुर्मासात सोडतात, कुणी जन्मभर सोडतात. आमचं म्हणणं असं की ज्यानं जो नेम धरला त्यानं तो पाळावा, नेम मोडून मोठेपणा नाही. आम्ही स्वतः चातुर्मासात कांद्याला शिवत नाही. पण कांदा न खाणाऱ्यानं कांदा पिकवणाऱ्याकडं खालच्या नजरेनं बघितलं, की त्याची माळ गळ्यातच राहिली, आत उतरली नाही.

मिरचीवरून विद्वान लोक एक मुद्दा काढतात. मिरची आपल्या देशातली नव्हे, ती पोर्तुगीज लोकांनी समुद्रापलीकडून आणली, म्हणजे सावतोबांच्या नंतर दोनशे वर्षांनी. मग त्यांच्या वाणीत मिरची कशी? तर मिरी असेल, नाहीतर पुढच्या गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातली मिरची त्यात घातली असेल. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. शेकडो वर्षं मळ्यात गाइलेलं गाणं आहे, मळ्यात जे नवं आलं ते गाण्यात शिरलं. आता आपल्या एकादशीचंच बघा ना. बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, हे चारही समुद्रापलीकडचे. सावतोबांच्या काळी यांतलं एकही नव्हतं. आणि चारही मातीखाली वाढतात! म्हणजे उपास आपण जमिनीच्या पोटातल्या जिनसांवर काढतो, आणि मुळा तेवढा वर्ज्य म्हणतो. हे आम्ही कीर्तनात सांगितलं की बाया तोंडाला पदर लावून हसतात.

मुळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण हे घरोघरच्या परसातलं काम आहे आणि सावतोबांचं चरित्र कळायला मुळा एकदा लावून बघावा. आपल्या गोरेगावची जमीन काळी, भारी. पाऊस पडला की चिखल आणि वाळली की दगड. अशा जमिनीत मुळा सरळ जात नाही, अडला की त्याला दोन-तीन फाटे फुटतात. म्हणून सपाट वाफ्यात बी न टाकता वरंबा उंच करावा, वीतभर खोल माती मोकळी करावी, त्यात ओढ्याची थोडी वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. ताजं शेण घातलं तर मुळं फाटतात आणि पालाच माजतो. दसऱ्याच्या पुढं-मागं, पाऊस सरता सरता बी टोकावं. रोपं चार बोटं झाली की दाटी काढावी, एका रोपापासून दुसरं वीतभर नाही तरी अर्धी वीत दूर राहावं. काढलेल्या रोपांची भाजी होते, वाया काही जात नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मुळा खायला येतो. लोभानं तसाच ठेवला तर आतून पोकळ होतो, तिखट लागतो. गाजराला तीन महिने धीर लागतो. त्याचं बी बारीक, केसाळ, हातावर चोळून राखेत किंवा वाळूत मिसळून फेकावं लागतं, आणि उगवायला दहा-पंधरा दिवस घेतं. नवी सूनबाई आठ दिवसांत वाफा उकरून बघते आणि बी खोटं निघालं म्हणते. लसणाची कुडी लावताना टोक वर ठेवावं. एवढंच.

यातली खरी गोष्ट बियाणाची आहे. मुळा खायला उपटला की संपला. बी पाहिजे असेल तर वाफ्यातले चार चांगले मुळे, सरळ, गोंडस, न फाटलेले असे निवडायचे. उपटून बघायचे, पात थोडी ठेवून वरची कापायची, खालचं शेपूट छाटायचं आणि पुन्हा मातीत पुरायचे. मग त्यांना तुरा येतो, पांढरी-जांभळी फुलं येतात, शेंगा धरतात. कोवळ्या शेंगांना आपण डिंगऱ्या म्हणतो, त्यांची भाजी करतो, आणि ज्या राखल्या त्या वाळल्या की बी. म्हणजे सगळ्यात चांगला मुळा घरच्यानं खायचा नसतो, बाजारात मिरवायचा नसतो, तो कापून पुन्हा मातीत घालायचा. माळ्याच्या हाताला हे रोजचं असतं. आता हे मनात धरून सावतोबांच्या चरित्रातली मोठी कथा ऐका.

पैठणचे कूर्मदास म्हणून एक भक्त होते. जन्मापासून हात-पाय थोटे. पण पंढरीची ओढ अशी की पोटावर सरपटत, लोळत ते वारीला निघाले. वाटेत वारकऱ्यांनी भाकरी-पाणी दिलं. करता करता ते लऊळ गावापर्यंत आले. हे लऊळ माढा तालुक्यातच, अरणच्या बाजूचं. तिथं अंग सोलून निघालं, पुढं सरकवेना, आणि एकादशी तर उद्यावर आली. मग कूर्मदासांनी वारकऱ्यांच्या हाती देवाला चिठ्ठी दिली, की मला येणं होत नाही, तूच ये. देव चिठ्ठी मिळताच निघाले. बरोबर नामदेवराय आणि ज्ञानोबा माउली.

वाटेत अरण आलं. देवाला सावतोबांची आठवण झाली. नामदेव-ज्ञानदेवांना मागं ठेवून देव एकटेच मळ्यात शिरले आणि सावतोबांना म्हणाले की माझ्यामागं दोन चोर लागलेत, मला कुठंतरी लपव. सावतोबांनी चहूकडं बघितलं. मळ्यात लपायला जागा कुठली? वाफ्यात पात गुडघ्याएवढी. मग हातातलं खुरपं घेऊन त्यांनी स्वतःचं पोट उघडलं, देवाला आत ठेवलं आणि वरून कांबळं बांधून टाकलं. इकडं नामदेव देवाला शोधत, रडत मळ्यात आले. देव दिसेना. सावतोबा आपले भजनात डोलताहेत. तेवढ्यात नामदेवांना कांबळ्याच्या कडेला पितांबराचा पदर बाहेर आलेला दिसला, आणि देव सापडले. मग देव बाहेर आले आणि सावतोबांना घेऊन सगळे कूर्मदासांना भेटायला लऊळला गेले.

ही कथा सांगताना आम्ही कधी कुणाला कोरड्या डोळ्यांनी बसलेलं पाहिलं नाही. शिकलेली पोरं विचारतात, पोट फाडून माणूस जगेल का. त्यांना आम्ही म्हणतो, बाबा, तुझा प्रश्न दवाखान्याचा आहे, तिथं विचार. कथेतलं काम मळ्याचं आहे. माळी खुरप्यानं काय करतो? जमीन उघडतो, आत काहीतरी ठेवतो, वरून माती ओढतो. सावतोबांनी आपल्या अंगाला वाफा केलं. मुळा जसा मातीत बसतो आणि खांदा तेवढा वर दिसतो, तसा तो पितांबराचा पदर. हा अर्थ कुठल्या पोथीतला नव्हे, आमच्या परसातला आहे, ज्याला पटेल त्यानं घ्यावा.

दुसरी एक गोष्ट या कथेत आहे तिच्याकडं आमचं लक्ष फार जातं. कूर्मदासांना यायची तळमळ, पण शरीर नाही. सावतोबांना शरीर धडधाकट, पण हातातलं काम सोडवत नाही. दोघंही पंढरीत पोचले नाहीत. आणि एकाच फेरीत देव दोघांकडं गेले. वारीला न गेलेल्या दोन माणसांसाठी देवानं स्वतः वारी केली! एकादशी तोंडावर असताना, राऊळात गर्दी उसळलेली असताना देव गाभाऱ्यात नव्हते, माढ्याच्या वाटेवर होते.

आता आपल्या दिंडीकडं बघा. दरसाल आषाढी येते ती पेरणीच्या गर्दीत. मृगात पाऊस झाला तर सोयाबीन पेरून माणूस मोकळा होतो आणि दिंडीत येतो. पाऊस लांबला की पंचाईत. दिंडी थांबत नाही आणि जमीनही थांबत नाही. हळदीचे गड्डे लावायचे राहिलेले असतात. मग घरात ठरतं की कुणी जायचं आणि कुणी राहायचं. बहुतेक वेळा बाप जातो आणि पोरगा राहतो, नाहीतर सासू जाते आणि सून राहते. सुनेनं कधीच जायचं नाही असं नाही, पण म्हशीची धार कोण काढणार, लेकरांची शाळा सुरू झालेली, दोन वावरं निंदायला आलेली. शंभर वर्षांच्या दिंडीच्या नोंदीत चालणाऱ्यांची नावं आहेत, वीणेकऱ्यांची आहेत, पखवाजींची, चोपदारांची आहेत. मागं राहून ज्यांनी औत हाकलं, ढोरं सांभाळली, चालणाऱ्याला पिशवीत चटणी-भाकरी बांधून दिली, त्यांची नावं नाहीत. असायला पाहिजे होती असं आम्हाला वाटतं. त्यांचा संत कोण म्हणाल तर हे सावतोबा. म्हणून आम्ही त्यांचं चरित्र मागून घेतलं.

पण यात एक सावधगिरी आहे, तीही लिहून ठेवतो. सावतोबांचं नाव पुढं करून वारी चुकवणारे लोकही आहेत. कामात देव आहे म्हणतात, आणि काम तरी कुठं नीट करतात? बांधावर तंबाखू चोळत बसायचं आणि तोंडानं मळ्यातल्या पंढरीची वाणी म्हणायची. सावतोबांचा मळा तणात बुडालेला नव्हता. त्यांचं नामस्मरण मोटेबरोबर चालायचं, मोट थांबवून नाही. योग, याग, तीर्थ, व्रत यांची गरज नाही, नाम पुरे, असं ते सांगत, ते ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्यानं सांगितलेलं आहे. बसून खाणाऱ्यानं ते आपल्या सोयीला लावू नये.

आणि घरच्यांचीही बाजू होती. एकदा सासुरवाडीची माणसं अरणला पाहुणी आली आणि सावतोबा भजनात दंग, पाहुण्यांकडं बघितलंसुद्धा नाही. जनाबाई चिडल्या. का चिडू नये? माहेरची माणसं दारात उभी आणि नवऱ्याला शुद्ध नाही. काही कीर्तनकार इथं जनाबाईंना अडाणी ठरवतात आणि हशा मिळवतात. आम्ही ते करत नाही. पाहुण्याला पाणी विचारणं हाही धर्मच आहे, आणि त्या दिवशी तो एकट्या जनाबाईंनी सांभाळला. चरित्रात पुढं असं येतं की सावतोबा त्यांच्याशी मऊपणानं बोलले आणि त्यांचा राग गेला. म्हणजे बायको चुकली म्हणून सावतोबा तिच्यावर ओरडले नाहीत, समजूत काढली.

सावतोबांचे अभंग आज सदतीसच मिळतात. ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून राहिले, असं सांगतात. मोट हाकणाऱ्याच्या हातात बोरू कुठून असणार? बोलणारा माळी आणि लिहिणारा गुरव, अशी ती जोडी. काशिबा नसते तर बाकी काय राहिलं असतं याचा विचार केला की अंगावर काटा येतो. मळ्यात आणखी किती गाइलं असेल ते बैलांनाच माहीत. पुढं साडेचारशे वर्षांनंतर ताहराबादच्या महिपतीबोवांनी संतांची चरित्रं ओवीत गुंफली, त्यांनी सावतोबांना विसरलं नाही, म्हणून ही कथा गावोगावच्या पोथीवाचनात पोचली.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे १२९५ साली सावता महाराजांनी देह ठेवला. वय अवघं पंचेचाळीस. त्या वेळी ज्ञानोबा माउली वीस वर्षांचे आणि नामदेवराय पंचविशीत. पुढच्याच वर्षी माउलींनी आळंदीला समाधी घेतली, आणि त्याच १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. चांगले दिवस पाहून सावतोबा गेले असं म्हणावं लागतं. ज्या मळ्यात राबले तिथंच अरणला त्यांची समाधी आहे.

आषाढ वद्य चतुर्दशी म्हणजे आषाढी एकादशी होऊन अठरा दिवस. आपण तोवर गोपाळकाला करून, मिळेल त्या गाडीनं गोरेगावला पोचून डवऱ्याला लागलेलो असतो. त्या वेळी पंढरपुरात काय होतं ते पुष्कळांना ठाऊक नाही. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला देवाच्या भेटीला जातात, नर्सीहून नामदेवरायांची जाते, शेगावहून गजानन महाराजांची आपल्या सेनगाव तालुक्यातूनच जाते. सावतोबांची पालखी आषाढीला पंढरीला जात नाही. उलट त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. पोट उघडून ज्यानं जागा दिली त्याच्या घरी देव अजून दरसाल चालत जातो. अरणला मोठी यात्रा भरते, लोक नवसाचे नारळ आणतात, ते दोरीत बांधून उंच टांगतात आणि श्रीफळ हंडी फोडून काला होतो.

बैठकीत शंका काढणाऱ्या दोघा जाणत्यांना आम्ही हे एवढंच सांगितलं, की देवाच्या पालखीबरोबर अरणला जाणारी माणसं असतात, तीही दिंडीच असते. त्यावर त्यातले एक जण बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की यंदा अरणला आपण का जाऊ नये. तर यंदा काल्यानंतर आपल्यातल्या चौघांनी पंढरपुरातच थांबून पालखीबरोबर अरणला जायचं असं ठरलं आहे. त्यांच्या वावरातली डवरणी आणि निंदण मागं राहिलेल्यांनी वाटून घेतली आहे. आमच्या परसातल्या डिंगऱ्यांचं बी यंदा चांगलं भरलं, ते एका पुरचुंडीत बांधून त्या चौघांजवळ देणार आहोत. अरणच्या कुणा माळ्याच्या हातावर ठेवावं, आणि बदल्यात तिथल्या मुळ्याचं मूठभर बी मिळालं तर घेऊन यावं.